एका इंग्रज शेतकऱ्याचे मृत्युपत्र (१५५६) : मुली, विधवा आणि जमीन

ट्यूडरकालीन इंग्लंडचा इतिहास आपल्याकडील महाविद्यालयांत शिकवला जातो तो प्रामुख्याने आठवा हेन्री, राणी एलिझाबेथ, चर्चमधील फूट आणि आरमारी लढाया यांच्या अंगाने. ज्या देशातील बहुसंख्य प्रजा शेतीवर जगत होती, तेथील शेतकरी मरताना आपल्या मागे राहणाऱ्यांची काय व्यवस्था करून जात असे, हा प्रश्न त्या अभ्यासक्रमात सहसा येत नाही. वास्तविक त्याची साधने विपुल आहेत. इंग्लंडमध्ये मृत्युपत्रांना मान्यता देण्याचे काम १८५८ च्या आरंभापर्यंत चर्चच्या न्यायालयांकडे होते आणि त्या न्यायालयांनी शेतकऱ्यांची, कारागिरांची, विधवांची असंख्य मृत्युपत्रे दप्तरात जपून ठेवली. शिवाय १५२९ च्या कायद्यान्वये मृताच्या जंगम मालमत्तेची किंमतवार यादी शेजाऱ्यांकरवी करून घ्यावी लागे. त्यामुळे चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या खेडुताच्या गोठ्यात किती बैल होते आणि माजघरात किती बाके होती, हे आज आपल्याला ठाऊक असते.

इस्लामी वारसा कायद्याचा, म्हणजे फराइजचा, ज्यांनी थोडाफार अभ्यास केला आहे त्यांना या कागदांत विशेष रस वाटावा. एका बाजूला कुराणाने ठरवून दिलेले हिस्से आणि वसियतीवर एकतृतीयांशाची मर्यादा. दुसऱ्या बाजूला हवे त्याला हवे ते देण्याची मुभा असलेला इंग्रज शेतकरी, अशी तुलना नेहमी केली जाते. तुलना चुकीची नाही, पण ती बहुधा मृत्युपत्राचा मजकूर तेवढा वाचून केली जाते. शेतकऱ्याने कुटुंबासाठी केलेली तरतूद मृत्युपत्रात पुरती दिसत नाही. मृत्युपत्र हा त्या तरतुदीचा शेवटचा थर असतो. खालचे थर पाहिले नाहीत तर न्यायी माणूस अन्यायी आणि अन्यायी माणूस न्यायी वाटू शकतो. प्रस्तुत लेखात वॉरिकशायर परगण्यातील एका शेतकऱ्याचे कागद या दृष्टीने तपासले आहेत. 'वसियत' हा शब्द येथे इस्लामी कायद्यापुरता आणि 'मृत्युपत्र' हा इंग्रज दस्तऐवजासाठी वापरला आहे.

दोन मालमत्ता, दोन कायदे

इंग्रज कायद्याच्या नजरेत शेतकऱ्याची मालमत्ता एकजिनसी नव्हती. जमिनीला एक कायदा आणि गुरेढोरे, धान्य, अवजारे, भांडीकुंडी व रोकड यांना दुसरा. पूर्ण हक्काची म्हणजे फ्रीहोल्ड जमीन मालकाच्या मागे थोरल्या मुलाकडे जाई. मुलगाच नसेल तर ती सर्व मुलींकडे समान वाट्याने जाई. केंट परगण्यात मात्र सर्व मुलगे समान वारस असत आणि काही गावांत चक्क धाकट्याला जमीन मिळे. १५४० पर्यंत, काही स्थानिक अपवाद वगळता, फ्रीहोल्ड जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे. हुशार लोक जिवंतपणी ती अमानतदारांच्या नावे करीत आणि माझ्या मागे अमुकाला द्या असे सांगून ठेवीत. १५३६ च्या कायद्याने ही पळवाट आवळली, तेव्हा जमीनदार वर्गात असंतोष माजला आणि अवघ्या चार वर्षांत, १५४० साली, राजाला मृत्युपत्राचा कायदा करावा लागला. त्यानुसार साध्या फ्रीहोल्डची सर्व जमीन आणि लष्करी सेवेच्या अटीवर धारण केलेल्या जमिनीचा दोनतृतीयांश भाग मृत्युपत्राने देण्याची मोकळीक मिळाली. १५४२-४३ च्या पूरक कायद्याने विवाहित स्त्रीला मात्र हा अधिकार नाकारला.

तिसरा प्रकार कॉपीहोल्डचा. मॅनर म्हणजे जहागिरीसारखी वसाहत. तिच्या न्यायालयाच्या वहीत कुळाचे नाव चढे आणि त्या नोंदीची नक्कल हाच कुळाचा पुरावा, म्हणून हे नाव. आपल्याकडे सातबाराचा उतारा जपतात तशी ती नक्कल जपली जाई. अशा जमिनीचे पुढे काय व्हायचे हे त्या त्या मॅनरचा रिवाज ठरवीत असे. पुष्कळ ठिकाणी विधवेला ती जमीन, कुठे तिसरा हिस्सा, कुठे निम्मी, कुठे सगळी, पुनर्विवाह करेपर्यंत कसता येई. कूळ मेले की जमीनदार गोठ्यातील उत्तम जनावर घेऊन जाई, हाही रिवाजच.

जंगम मालमत्तेची गोष्ट आणखी वेगळी. उत्तरेकडील यॉर्कच्या धर्मप्रांतात जुना नियम टिकून होता. जंगमाचा एक तृतीयांश विधवेचा, एक तृतीयांश मुलांचा आणि उरलेला तृतीयांश तेवढा मृताच्या मर्जीचा. त्याला 'मृताचा वाटा' असेच म्हणत. हा नियम तेथे १६९२ च्या कायद्यापर्यंत चालला, वेल्समध्ये १६९६ पर्यंत आणि लंडन शहरात १७२४ पर्यंत. एकतृतीयांशाचा हा आकडा पाहून आपल्या वाचकाला साद बिन अबी वक्कास यांची हदीस आठवेल. मरणासन्न समजून त्यांनी सर्व मालमत्ता दान करण्याची परवानगी मागितली असता प्रेषितांनी तृतीयांशाची मर्यादा घातली आणि तोही पुष्कळ असल्याचे सांगितले, ती ही हदीस. परंतु हे साम्य पाहून उसनवारीचा निष्कर्ष काढू नये. बायकामुलांच्या वाजवी हिश्शाचा उल्लेख १२१५ च्या मॅग्ना कार्टामध्येही आहे आणि त्यामागे जुनी युरोपीय रूढी आहे. दक्षिणेकडील कॅंटरबरीच्या प्रांतात हे बंधन सोळाव्या शतकाआधीच सुटले होते. आपला शेतकरी या दक्षिण प्रांतातला.

रॉबर्ट आर्डन

विल्मकोट हे वॉरिकशायरमधील ॲस्टन कॅन्टलो या पॅरिशमधले लहानसे गाव. तेथील रॉबर्ट आर्डन याला एका दस्तऐवजात 'हजबंडमन' म्हटले आहे, म्हणजे स्वतः शेती करणारा माणूस, जहागीरदार नव्हे. पण तो गरीब नव्हता. विल्मकोटला त्याची ॲस्बीज नावाची जमीन होती, त्याच गावात कॉपीहोल्ड होती आणि काही मैलांवरच्या स्निटरफील्ड गावी वडिलांच्या वेळेपासूनची जमीन होती, जी तो कुळांना लावून देई. त्याला आठ मुली होत्या. मुलगा नव्हता. मुलींची आई वारल्यावर त्याने ॲग्नेस हिल नावाच्या विधवेशी लग्न केले. तिला पहिल्या पतीपासून मुले होती. म्हणजे एका घरात सावत्र आई, आठ सावत्र मुली आणि तिची स्वतःची मुले. खेड्यातील कोणत्याही तलाठ्याला वा काझीला विचारावे. वारशाचे तंटे बहुधा अशाच घरातून येतात.

रॉबर्टने मृत्युपत्र केले २४ नोव्हेंबर १५५६ रोजी. ९ डिसेंबरला त्याच्या मालमत्तेची यादी झाली आणि १६ डिसेंबरला वूस्टर येथे मृत्युपत्राला मान्यता मिळाली. म्हणजे अंथरुणाला खिळल्यावरच त्याने कागद करवला आणि त्यानंतर तो पंधरा दिवसही जगला नसावा. तत्कालीन प्रथेप्रमाणे आरंभी ईश्वराचे नाव आहे, शरीराने आजारी पण स्मरणशक्ती शाबूत असल्याचे निवेदन आहे. आत्मा ईश्वराला, कुमारी मेरीला आणि स्वर्गातील समस्त संतांना अर्पण केला आहे. तेव्हा कॅथलिक राणी मेरीचे राज्य होते. देह ॲस्टनच्या चर्चच्या आवारात पुरावा असे सांगून तो व्यवहाराकडे वळतो.

धाकटी मुलगी मेरी हिला ॲस्बीजची सगळी जमीन, तीवर पेरलेल्या पिकासह, आणि ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स रोख. ही रक्कम मालमत्तेची वाटणी होण्याआधी द्यायची. ॲलिस या मुलीला कर्ज व देणग्या भागवल्यानंतर उरणाऱ्या एकूण मालाचा तिसरा हिस्सा. शिवाय तिचे स्वतःचे म्हणून जे आधीच आहे ते तिचेच. पत्नी ॲग्नेसला ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स, पण एका अटीवर. ती विधवा राहील तोपर्यंत विल्मकोटच्या कॉपीहोल्डचा निम्मा भाग तिने ॲलिसला बिनतक्रार वहिवाटू द्यावा. तसे न केल्यास तिला मिळतील फक्त ३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स आणि स्निटरफील्डमधील तिचे जॉइंचर, म्हणजे वैधव्यासाठी राखलेले उत्पन्न. दफनाचा खर्च आणि कर्ज फिटल्यावर जे उरेल ते इतर मुलांत समान वाटायचे. देखरेखीसाठी ॲडम पामर, ह्यू पोर्टर आणि जॉन स्कार्लेट हे तिघे; त्यांना श्रमाबद्दल प्रत्येकी २० शिलिंग. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे, आपल्या भाषेत वसी, कोण? ॲलिस आणि मेरी. शेवटी पॅरिशमधील ज्या ज्या घरी औत नाही त्या प्रत्येक घराला ४ पेन्स.

औत नसलेल्या घराला ही देणगी देणारा माणूस स्वतः औताचा धनी होता, हे यादीवरून दिसते. आठ बैल, दोन गोऱ्हे, सात गाई, चार वासरे, चार घोडे, तीन शिंगरे, पन्नास मेंढ्या, नऊ डुकरे, मधमाश्या आणि कोंबड्या. भिंतीवर टांगायचे रंगवलेले कापडी पडदे होते. ते त्या काळच्या सुस्थितीचे लक्षण. सगळ्याची बेरीज ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्स. जमीन या यादीत धरत नसत, हे विसरू नये.

मृत्युपत्र वाचताना पहिली प्रतिक्रिया अशी होते की बापाने दोन लाडक्या मुलींना उचलून धरले आणि सहा जणींच्या तोंडाला पाने पुसली. त्या सहा जणींची नावेसुद्धा त्यात नाहीत. येथेच खालचा थर पाहावा लागतो. मृत्युपत्राच्या सहा वर्षे आधी, जुलै १५५० मध्ये, रॉबर्टने दोन दस्त करून स्निटरफील्डची मालमत्ता अमानतदारांच्या नावे केली होती. स्वतः आणि ॲग्नेस हयात असेपर्यंत उत्पन्न त्या दोघांचे. त्यानंतर एका दस्ताची मालमत्ता ॲग्नेस, जोन व कॅथरीन या तीन मुलींची आणि दुसऱ्याची मार्गारेट, जॉइस व ॲलिस या तिघींची. अमानतदार होते ॲडम पामर आणि ह्यू पोर्टर. मृत्युपत्राची देखरेख पुढे ज्यांच्याकडे आली त्यांतले दोघे हेच. सहा मुलींचा जमिनीतला वाटा अशा रीतीने आधीच बांधून दिला होता. या दस्तांत धाकटी मेरी नव्हती. मृत्युपत्रातील ॲस्बीज तिच्याकडे का गेली, याचा उलगडा येथे होतो.

आता रोख रकमेचा हिशेब करून पाहू. ७७ पौंड ११ शिलिंग १० पेन्समधून मेरीची, ॲग्नेसची आणि देखरेख करणाऱ्या तिघांची रक्कम वजा केली तर ६१ पौंड ५ शिलिंग २ पेन्स उरतात. त्यातला ॲलिसचा तृतीयांश सुमारे २० पौंड ८ शिलिंग. राहिलेल्या सुमारे ४० पौंड १७ शिलिंगांचे सहा समान भाग केले की प्रत्येकीला सुमारे ६ पौंड १६ शिलिंग पडतात. यातून दफनाचा खर्च, कर्ज, औत नसलेल्या घरांचे पैसे आणि यादीत धरले असल्यास मेरीचे उभे पीक वजा होणार. म्हणजे 'इतर' मुलींपैकी प्रत्येकीच्या हाती जास्तीत जास्त जे पडू शकत होते ते मेरीच्या रोख रकमेच्या आसपासचे होते. माझ्या मते हा योगायोग नसावा. घरातल्या मालाची किंमत शेतकऱ्याला मनातल्या मनात ठाऊक असते.

ॲलिसचे पारडे मात्र निश्चित जड आहे. तिला स्निटरफील्डमध्ये वाटा, मालाचा तृतीयांश आणि वर कॉपीहोल्डचा निम्मा भाग. ती तेव्हा अविवाहित होती आणि बापाने तिला व मेरीला वसी नेमले. यावरून घराचा कारभार तिच्या अंगावर होता असे वाटते. विवाहित मुलींना लग्नाच्या वेळी काय दिले गेले हे मृत्युपत्र सांगत नाही, पण इंग्रज शेतकऱ्यांत मुलीचा वाटा लग्नाच्या वेळी रोख किंवा जिनसांत देऊन टाकण्याची रीत सार्वत्रिक होती. आपल्याकडेही घरोघर हा युक्तिवाद ऐकू येतो की मुलीचे लग्नात देऊन झाले. फरक एवढा की तेथे तो कायद्याला मान्य होता. १६७० साली मृत्युपत्र न करता वारलेल्यांच्या जंगम मालमत्तेचा कायदा झाला तेव्हा विधवेला तृतीयांश आणि उरलेले दोनतृतीयांश मुलगे-मुलींना समान, असे ठरले; आणि बापाने हयातीत ज्याला जे वाटा म्हणून दिले असेल ते हिशेबात धरले जाई.

विधवेचा प्रश्न

या मृत्युपत्रातील सर्वांत बोलके कलम ॲग्नेसचे आहे. इंग्रज शेतकरी साधारणतः पत्नीला वसी नेमत. रॉबर्टने तिला बाजूला ठेवून तिच्या सावत्र मुलींना नेमले. कॉपीहोल्डवर तिचा हक्क मॅनरच्या रिवाजाने होता. तो काढून घेणे रॉबर्टच्या हातात नव्हते. म्हणून त्याने आज्ञा केली नाही, किंमत लावली. ॲलिसला निम्म्यात राहू दे, तर पूर्ण रक्कम; नाही तर निम्मी. दहा मार्क की पाच मार्क, असा तो सौदा आहे; मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. सावत्र आई आणि मुलगी एका चुलीवर नांदतील याची त्याला खात्री नव्हती, हे यातून उघड दिसते. 'बिनतक्रार' हा शब्द उगीच आलेला नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ब्रिटिश अमदानीत मुस्लिम कायद्याची जी इंग्रजी पुस्तके झाली त्यांत मेहेरसाठी 'डाउअर' हा शब्द वापरला गेला आणि तो आजही न्यायालयांत चालतो. मूळ इंग्रजी डाउअर आणि मेहेर यांचा संबंध नाही. डाउअर म्हणजे पतीच्या फ्रीहोल्ड जमिनीपैकी तृतीयांशाचे उत्पन्न विधवेला हयातभर मिळण्याचा हक्क. तो पती मेल्यावरच जागा होई आणि जमीन तिच्या मालकीची कधीच होत नसे. मेहेर हे पतीवरचे कर्ज. पत्नीची ती पूर्ण मालकी, आणि वाटणीपूर्वी फेडायची. जॉइंचर हे डाउअरच्या बदल्यात आधी नेमून दिलेले उत्पन्न. १५३६ च्या कायद्याप्रमाणे लग्नानंतर नेमलेले जॉइंचर विधवेने स्वीकारले की डाउअरचा दावा संपे. ॲग्नेसने स्निटरफील्ड घेतले की ॲस्बीजवर तृतीयांशाचा बोजा पडणार नव्हता. रॉबर्टने १५५० मध्ये केलेली तजवीज सहा मुलींच्या सोयीची होती तशी सातवीच्याही सोयीची ठरली.

हीच मालमत्ता फराइजप्रमाणे वाटली असती तर? दफन आणि कर्ज आधी, हा क्रम दोन्हीकडे सारखाच. नंतर अपत्य असल्याने विधवेला आठवा हिस्सा. आठ मुलींना मिळून दोनतृतीयांश, म्हणजे प्रत्येकीला बारावा. उरलेले पाच-चोविसांश जवळच्या पुरुष नातलगाला, आणि तसा कोणी नसेल तर रद्दच्या नियमाने पुन्हा मुलींनाच. यादीतील एकूण रकमेवर, खर्च वजा न करता, हा हिशेब केला तर मुलीचा बारावा हिस्सा सुमारे ६ पौंड ९ शिलिंग आणि विधवेचा सुमारे ९ पौंड १४ शिलिंग येतो. मुलींपुरते दोन्ही आकडे जवळपास आहेत. पण जमिनीचे काय? ॲस्बीजमध्येही आठही मुलींचा आणि विधवेचा वाटा निघाला असता. विधवेचा आठवा हिस्सा तिच्या मालकीचा झाला असता, हयातीपुरता नव्हे. इतर वारसांच्या संमतीशिवाय वारसाला वसियत करता येत नसल्याने मेरीची आणि ॲलिसची कलमे टिकली नसती. औत नसलेल्या घरांचे ४ पेन्स मात्र नक्की टिकले असते. गंमत अशी की १५४० पूर्वीच्या इंग्रज कायद्यातही ॲस्बीज मुलींत सारखीच वाटली गेली असती. ज्या मुभेने एका मुलीला अख्खे शेत मिळाले ती मुभा तेव्हा अवघी सोळा वर्षांची होती.

शेत अखंड ठेवायचे की सर्वांना द्यायचे, हा पेच एकट्या रॉबर्टचा नव्हता. मार्गारेट स्पफर्ड यांनी केंब्रिजशायरमधील चिपनम, ऑरवेल आणि विलिंगम या तीन गावांचा अभ्यास १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात असे दिसते की जमीन एका मुलाकडे जाण्याची रीत असलेल्या गावांतही बाप इतरांना वाऱ्यावर सोडत नसत. शेत थोरल्याला देत आणि भावाबहिणींचे वाटे त्याने इतक्या वर्षांत रोखीने फेडावे असे लिहून ठेवत. शेत अखंड राही, वारस मात्र कर्जात जन्माला येई. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ओळीने पिके बुडाली तेव्हा अशा मध्यम शेतकऱ्यांचे हाल झाले. मुले लहान असतील तर वाटे एकविसाव्या वर्षी किंवा लग्नाच्या वेळी द्यायचे, ही अट बहुतेक मृत्युपत्रांत आढळते. म्हाताऱ्या आईसाठी तर कलमे फार बारीक असत. चुलीजवळची खोली, सरपण, एका गाईची चराई, इतके माप गहू नि इतके माप बार्ली, अंगणातल्या झाडाची सफरचंदे. स्वतःच्या मुलावर विश्वास नव्हता म्हणून हे लिहिले, असे म्हणण्यापेक्षा सून अजून घरात यायची होती म्हणून लिहिले, असे म्हणणे अधिक योग्य होईल. ॲमी लुईस एरिक्सन यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात वसींच्या हिशेबवह्या तपासून दाखवले की कायद्याची पुस्तके वाचून वाटते त्यापेक्षा मुलींच्या पदरात पुष्कळ अधिक पडत होते. मुलांना जमीन आणि मुलींना जंगम, अशी ती वाटणी होती.

पडले ते टिकत होते का, हा पुढचा प्रश्न. विवाहाबरोबर स्त्रीची जंगम मालमत्ता पतीची होई. मेरी आर्डनने १५५७ च्या सुमारास स्निटरफील्डच्या कुळाच्या मुलाशी, स्ट्रॅटफर्डमध्ये हातमोजे बनवण्याचा व्यवसाय करणाऱ्या जॉन शेक्सपिअरशी लग्न केले, आणि त्या दिवशी बापाने दिलेले ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स कायद्याने जॉनचे झाले. त्यांचा मुलगा विल्यम पुढे नाटककार झाला म्हणूनच हे कागद इतक्या बारकाईने वाचले गेले. जमीन मात्र तिच्या नावाची राही. ती विकायची तर न्यायालयात तिची वेगळी जबानी घ्यावी लागे. हा अडसर होता, पण अडचणीतल्या नवऱ्यापुढे तो कितीसा टिकणार? विवाहित स्त्रीची मालमत्ता तिची स्वतःची राहील हे इंग्लंडच्या कायद्याने पूर्णपणे मान्य केले ते १८८२ मध्ये. इस्लामी कायद्यात हा हक्क आरंभापासून आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरे आहे. मात्र १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमात शेतजमीन वगळली गेली होती, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे.

ॲग्नेसने पतीच्या मागे चोवीस वर्षे काढली. १५६० मध्ये तिने स्निटरफील्डची जमीन आपला भाऊ अलेक्झांडर वेब याला पट्ट्याने दिली. हा वेब तिच्या सावत्र मुलीचा, मार्गारेटचा, नवराही होता. १५७९ मध्ये तिने स्वतःचे मृत्युपत्र केले आणि त्याची अंमलबजावणी पहिल्या पतीपासूनच्या मुलाकडे व स्वतःच्या जावयाकडे सोपवली. डिसेंबर १५८० मध्ये तिचे दफन झाले. स्निटरफील्डच्या वाटेकरी मुली तोपर्यंत थांबून होत्या.

विल्मकोटमध्ये ज्या जुन्या घराला लोक दीर्घकाळ मेरी आर्डनचे घर म्हणून भेट देत होते ते प्रत्यक्षात ॲडम पामरचे निघाले, आणि आर्डनचे घर शेजारचे ग्लीब फार्म, हे २००० साली कागदपत्रांच्या पुनर्तपासणीत सिद्ध झाले. ज्याच्या भरवशावर रॉबर्टने दोनदा आपल्या मुली सोपवल्या तो माणूस हाकेच्या अंतरावर राहत होता.

पण देखरेख करणाऱ्यांची नजर नातीगोती आणि कर्ज यांपर्यंत पोचत नाही. १५७८ च्या नोव्हेंबरात जॉन आणि मेरी यांनी विल्मकोटची वारशाने आलेली जमीन ४० पौंडांना गहाण टाकली. गहाण घेणारा कोणी सावकार नव्हता. तो होता एडमंड लँबर्ट, मेरीची बहीण जोन हिचा नवरा. १५८० मध्ये सेंट मायकेलच्या सणाच्या दिवशी पैसे परत करायचे होते. जॉनच्या म्हणण्याप्रमाणे त्याने ४० पौंड पुढे केले, पण आधीची इतर देणी फेडल्याशिवाय जमीन सोडणार नाही असे लँबर्टने सांगितले. १५८७ मध्ये लँबर्ट वारला आणि जमीन त्याच्या मुलाकडे गेली. १५८८ मध्ये राणीच्या न्यायालयात आणि १५९७ मध्ये चॅन्सरी न्यायालयात मावसभावांच्या दोन घरांत दावे चालले. जमीन लँबर्टांकडेच राहिली.